चिंगीचा गोपनीय अहवाल

आमच्या लहानपणी कुत्र्याला कुणी शिकवत नसे. वाड्याच्या दारात एक कुत्रा असे. तो कुणा एकाचा नसे. बोलवायचं तर ‘यू यू’, अंगावर सोडायचं तर ‘छू’ आणि हाकलायचं तर ‘हाड्’, एवढ्यात त्याचं बालवाडीपासून पदवीपर्यंतचं शिक्षण आटपे. रात्रीची भाकरी मिळे, पण ती काही शिकल्याबद्दल नव्हे, उरली म्हणून.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कमरेला उकडलेल्या चिकनची पिशवी बांधून कोथरूडच्या मैदानावर उभं राहावं लागेल, हे कुठल्याही ज्योतिषाने सांगितलं नव्हतं. बरं, घर शाकाहारी. त्यामुळे ते चिकन मागच्या गॅलरीत, जुन्या इंडक्शनवर, वेगळ्या पातेल्यात आणि बायको देवळात गेलेली असताना शिजतं. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, हे कळल्यावर बायकोचं चिंगीबद्दलचं मत जरा सुधारलं. निदान तेवढं तरी सोवळं.

चिंगी मुलीने आणली. फेब्रुवारीच्या थंडीत कुणाच्या तरी गाडीखाली सापडली म्हणे. महिन्याभरात मुलीला बंगळुरूला नोकरी लागली, ती गेली, चिंगी राहिली. जाताना तिने एक ट्रेनर ठरवून दिली. पंचविशीतली मुलगी, पायात ट्रेकिंगचे बूट, बोलणं गोड आणि मुद्देसूद. पहिल्याच दिवशी तिने नियम सांगितले. ‘‘काका, मारायचं नाही. ओरडायचं नाही. पट्ट्याला हिसका द्यायचा नाही.’’

‘‘मग करायचं काय?’’

‘‘कौतुक.’’

इथेच माझ्या पोटात गोळा आला.

पण कौतुकाच्या आधी अलका टॉकीजचा चौक आला. पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की त्यात जे चांगलं वाटलं ते जन्मभर चांगलं वाटतं आणि ज्याची भीती बसली ती सहसा उठत नाही. नेमक्या त्याच काळात लसी पुऱ्या व्हायच्या असतात, म्हणून पिल्लाला रस्त्यावर उतरवायचंही नाही. यावर ट्रेनरने उपाय काढला: मांडीवर घेऊन बसायचं. मी चिंगीला पंच्यात गुंडाळून चौकातल्या एका ओट्यावर बसे. पीएमपीची बस कर्कश हॉर्न वाजवी, की मी तिच्या तोंडात डाळीच्या दाण्याएवढा चिकनचा कण सारायचा. हॉर्न, कण. सायलेन्सर काढलेली बुलेट, कण. बँडवाले, कण. येणारेजाणारे मला काय समजत होते देव जाणे. एका बाईंनी तर पाच रुपयांचं नाणं पुढे केलं. मात्र हा प्रयोग इतका यशस्वी झाला, की हॉर्न वाजला की आनंदाने शेपूट हलवणारा पुणे शहरातला एकमेव जीव आज आमच्या घरी आहे.

मग मैदान. आणि कौतुक.

आमच्या घराण्यात कौतुक करायची पद्धत नाही. आमटी छान झाली असेल तर न बोलता दुसऱ्यांदा वाढून घ्यायची, बिघडली असेल तर बोलायचं. मी शाळेत दुसरा आलो तेव्हा वडिलांनी प्रगतिपुस्तक हातात न घेताच विचारलं होतं, ‘‘पहिला कोण?’’ हीच परंपरा मी सरकारी नोकरीत निष्ठेने चालवली. प्रतिवेदन अधिकारी म्हणून हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहायचं काम माझ्याकडे असे. अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला, साधारण अशी ती उतरंड. मी सगळ्यांना ‘निश्चित चांगला’वर बसवत असे. अत्युत्कृष्ट द्यायचं तर वरून विचारणा होते, पुराव्याचे कागद जोडा म्हणतात. साधारण द्यावं तर तो माणूस अर्ज करतो. निश्चित चांगला दिला की फाईलही झोपते आणि आपणही.

तर आता ट्रेनर म्हणत होती, ‘‘काका, ती बसली की लगेच, उंच आवाजात, अगदी आनंदाने शाब्बास म्हणायचं.’’

चिंगी बसली. मी म्हणालो, ‘‘शाब्बास.’’

चिंगीने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय. ट्रेनर म्हणाली, ‘‘काका, तुम्ही पाणीपट्टीची पावती दिल्यासारखं शाब्बास म्हणताय.’’

मी पट्टी चढवली. काळी चारच्या पुढे माझा आवाज आयुष्यात गेलेला नव्हता. ‘‘शाब्बाऽऽस! गुणाची ती माझी चिंगी! शहाणं ते बाळ!’’ मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात हास्यक्लबची मंडळी वर्तुळ करून दोन्ही हात उंचावून हसत होती. ती हसायची थांबली. थोड्या वेळाने त्यांच्यातले एक आजोबा मुद्दाम चालत आले आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, ‘‘एकट्याने नका करू. आमच्यात या.’’

या सगळ्यामागे शास्त्र आहे, आणि निवृत्त माणसाला वेळ असतो, म्हणून मी ते वाचलं. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने मांजरांना लाकडी खोक्यात कोंडून ती किती वेळात बाहेर पडतात ते मोजलं आणि 1898 मध्ये छापलं. ज्या हालचालीने सुटका होते आणि बाहेरचा मासा मिळतो, तीच हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करतं. पुढे स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ आले. त्यांचे शिष्य ब्रेलँड पती-पत्नी तर 1940च्या दशकात प्रयोगशाळा सोडून प्राण्यांना शिकवायच्या धंद्यातच पडले. त्यांनी कोंबडीला पियानो वाजवायला लावला. त्याआधीचा जमाना निराळा होता. 1910 साली कोनराड मोस्ट या जर्मन गृहस्थांनी कुत्र्यांना शिकवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात धाक आणि हिसका यांना मानाचं पान होतं. हा माणूस आमच्या खात्यात सहज कार्यकारी अभियंता झाला असता.

नव्या शास्त्राचा कळीचा मुद्दा म्हणजे वेळ. कुत्रा बसल्यावर फार तर एक-दोन सेकंदांत बक्षीस पोचलं पाहिजे. उशीर झाला तर तो मधल्या वेळात उठून जांभई देतो आणि बक्षीस जांभईचं समजतो. मी थक्क झालो. आमचा महागाई भत्ता जानेवारीपासून लागू होतो, शासननिर्णय निघेपर्यंत पावसाळ्याचे वेध लागतात, आणि थकबाकी कधी हातात पडेल ते वित्त विभागच जाणे. त्यामुळे तो कशाबद्दल मिळाला हे आम्हाला कधीच कळलं नाही.

ही दोन सेकंदं गाठता यावीत म्हणून ‘टिक’ वाजणारी एक डबी असते. बरोबर वागली की आधी टिक, मग हात पिशवीकडे. हात आधी गेला तर कुत्रा आपल्याकडे न बघता हाताकडे बघायला शिकतो. डाव्या हातात डबी, उजव्यात पट्टा, पिशवी कमरेला, आणि पुण्याचा पाऊस म्हणून छत्री मानेत. मी एकदा टिक केलं, छत्री सुटली, ती धरायला वाकलो तर पिशवी उपडी झाली. त्या क्षणी चिंगीला शास्त्राचं महत्त्व पटलं असावं, कारण तिने ते सगळंच एकदम आत्मसात केलं.

घरात चिंगी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. दिवाणखान्यात बस म्हटलं की बसते, थांब म्हटलं की थांबते. बाहेर पडलं की मी तिच्या लेखी विजेचा खांब. खांबाला तरी वास असतो. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी लाखांत मोजतात, तिच्या कोटींत. तिच्यासाठी मैदान म्हणजे रात्रभरात आलेली सगळी टपाल, आणि ती वाचायच्या आधी मी ‘बस’ म्हणणार. ट्रेनर म्हणाली, मग वास हेच बक्षीस करा. पाच पावलं पट्टा ढिला ठेवून चालली, की ‘जा, घे वास’. प्रीमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये हे सूत्र मांडलं म्हणे: नावडतं केलं तर आवडतं करू द्यायचं. हे आमच्या आजीलाही माहीत होतं. परवचा झाल्याशिवाय ताट वाढलं जात नसे.

सगळ्यात अवघड विषय ‘ये’. यासाठी दहा मीटरची लांब दोरी मिळते. कुत्र्याला सोडल्यासारखं वाटतं आणि आपल्याला धरल्यासारखं. दूर जाऊ द्यायचं, हाक मारायची, आली की मेजवानी, आणि मुख्य म्हणजे लगेच परत सोडायचं. आपण काय करतो, घरी जायच्या वेळेलाच ‘ये’ म्हणतो आणि पट्टा अडकवतो. हाकेला ओ दिली की मजा संपते, हे कुत्र्याला चारच दिवसांत कळतं. किंवा हाक मारतो आणि आल्यावर रागावतो. मला एकदम उमगलं, की ‘‘जरा केबिनमध्ये या’’ म्हटल्यावर माझ्या ऑफिसातली माणसं वाटेत आधी स्वच्छतागृहात का जात.

मी दोरी सोडली. चिंगी दूर शिरीषाच्या झाडापाशी काहीतरी महत्त्वाचं वाचत होती. मी वरच्या पट्टीत हाक दिली, ‘‘चिंगीऽऽ, ये!’’

आणि आले! धूळ उडवत आले! मैदानावरचे स्थायिक तिघे. पुढे एक काळा, जाडा, अर्धा कान गेलेला. चहाच्या टपरीवाला त्याला शेट म्हणतो. शेट माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला, मागचं अंग व्यवस्थित टेकवून बसला, छाती काढली आणि माझ्या हाताकडे नाही, थेट डोळ्यांत पाहिलं. त्याच्या शेजारी बाकीचे दोघे रांगेत. सारी शिकवणी त्यांनी कुंपणाजवळ बसून फुकटात पुरी केली होती. चिंगीने मान वर करून हा सोहळा पाहिला आणि पुन्हा झाडात नाक घातलं.

‘‘काका, शेटला द्या,’’ ट्रेनर म्हणाली, ‘‘किती छान बसलाय!’’ दिलं. शास्त्र ते शास्त्र. त्यानंतर रोज मी गेटातून आत शिरायचा अवकाश, शेट बसलेलाच असे. चहावाला गिऱ्हाइकांना सांगे, ‘‘हे कुत्र्यांचे सर.’’

त्यात श्रावण आला. बायकोने शांतपणे जाहीर केलं, की या घरात महिनाभर ते पातेलं चढणार नाही, मग विज्ञान काही का म्हणेना. आदल्या दिवशी चिंगीची यथासांग गटारी झाली, पिशवी गरम पाण्याने तीनदा धुतली, आणि दुसऱ्या दिवसापासून पनीर. बक्षिसाचा दर्जा घसरला की कामाचा दर्जा घसरतो. पहिला तुकडा चिंगीने तोंडात घेतला, जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. वेतन आयोगाऐवजी दिवाळीचा अग्रिम मिळाला की कर्मचारी असं बघतात. शिवाय ती वयात येत होती. सहा महिन्यांनंतर कुत्री शिकलेलं विसरल्यासारखं करतात, त्यांनाही ते वय असतं. शेट मात्र पनीरवरही तसाच बसे. काही माणसं मुळातच सेवाभावी असतात.

आणि एके सकाळी झालं. भुरभुर पाऊस होता. चिंगी टपरीच्या मागे, खारीचा चुरा पडतो त्या जागेवर पोचलेली. दोरी पूर्ण ताणलेली. खारी विरुद्ध पनीर, निकाल उघड होता. तरी हाक दिली. तिने डोकं उचललं, खारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कान मागे टाकून सुसाट धावत आली. येऊन पायांशी बसली. डबी चिखलात पडली, पट्टी कधी चढली कळलं नाही. हास्यक्लबच्या देखत मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, ‘‘शाब्बास! माझी सोनी ती! अत्युत्कृष्ट! अत्युत्कृष्ट!’’

मागून खाकरल्याचा आवाज आला. ‘‘नमस्कार, साहेब.’’

आमचे हेडक्लार्क. निवृत्त, हातात छत्री, अंगात तोच करडा स्वेटर. कित्येक वर्षं माझ्यासमोर बसलेला माणूस. ते मुलाकडे राहायला आल्याचं कळलं होतं, याच मैदानावर फिरतात हे कळलं नव्हतं.

‘‘अत्युत्कृष्ट?’’ ते म्हणाले. ‘‘पुराव्याचे कागद जोडलेत?’’

मी छत्री सावरली. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की हल्ली अशीच पद्धत आहे, लगेच कौतुक करायचं आणि हातावर काहीतरी ठेवायचं.

‘‘काय ठेवता?’’

‘‘पनीर. श्रावण आहे ना.’’

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, चिंगीकडे पाहिलं, शेजारी येऊन बसलेल्या शेटकडे पाहिलं, आणि उजवा हात पुढे केला. मी एक तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. तो त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ, फाईल तपासावी तसा, चघळला.

‘‘मीठ नाही,’’ ते म्हणाले. मग रुमालाने बोटं पुसली. ‘‘निश्चित चांगलं.’’