गौरी तिथीने नव्हे, नक्षत्राने येतात
गौरींच्या सणावरील लेखात हा सण भाद्रपदातील ठरावीक तिथीला येतो असे म्हटले आहे. त्यात एक दुरुस्ती आवश्यक वाटते. गौरींचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते, आणि ज्येष्ठागौरी हे नाव त्यावरूनच रूढ झाले. म्हणूनच गौरींबरोबर जाणारा गणपती कधी पाच, तर कधी सहा किंवा सात दिवसांचा होतो.

दुसरे असे की, लेखात केवळ मुखवट्यांच्या उभ्या गौरींचाच उल्लेख आहे. कोकणात कित्येक घरी पाणवठ्यावरून मुक्याने आणलेले पाच किंवा सात खडे हीच गौर असते, तर अनेक घरांत तेरड्याची रोपे पुजली जातात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तर या तीन दिवसांच्या माहेरवाशिणीलाच शोभावी. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी हा क्रमही मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण प्रवासाने दमून आलेल्या लेकीला आधी साधे अन्न वाढावे, हीच त्यामागील माया आहे. नववधूचा ओवसा, म्हणजे तिने गौरीला सुपातून वाण वाहण्याचा विधी, हाही या लेखात यायला हवा होता.