‘मेन्ते’ चिकटवा आणि मोकळे व्हा?

इटालियन शिकणाऱ्यांमध्ये एक ‘सोपी युक्ती’ फिरते आहे: कुठल्याही विशेषणाला ‘मेन्ते’ चिकटवा, झालं क्रियाविशेषण, ते कधी बदलत नाही आणि वाक्यात कुठेही बसतं. तिन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच जास्त फसवतात.

आधी ते चिकटवणं. लेन्तो (संथ) याचं लेन्तामेन्ते होतं, लेन्तोमेन्ते नाही. कारण हा प्रत्यय मुळात नाम होता. लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन, शब्द स्त्रीलिंगी. ‘मेन्ते’ म्हणजे मनाने. म्हणून त्याच्या आधीचं विशेषणही स्त्रीलिंगी. आपण ‘मोकळ्या मनाने’ म्हणतो, तीच घडण. (‘मेन्स’ आणि संस्कृत ‘मति’ या तर सख्ख्या बहिणी.) शेवटी ले किंवा रे असेल आणि त्याआधी स्वर असेल तर ‘ए’ गळतो: फाचिले (सोपा), फाचिलमेन्ते. फोल्ले (वेडा) यात जोड ‘ल’ आहे, तिथे फोल्लेमेन्तेच. लेज्जेरो (हलका) याचं लेज्जेरमेन्ते मात्र मुकाट्याने पाठ करायचं.

आणि ‘कुठल्याही’ तर नाहीच. बुओनो (चांगला) याचं बेने, कात्तीवो (वाईट) याचं माले. स्पेस्सो (वारंवार), वोलेन्तिएरी (आनंदाने), कार्पोनी (रांगत) यांना मेन्तेची गरजच पडत नाही.

‘कधी बदलत नाही’ इथे मराठी माणूस हमखास घसरतो. आपण ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ म्हणतो. शब्द गाण्याबद्दल, पण फिरतो कर्त्यामागे. त्या सवयीने ‘मारिया कान्ता बुओना’ तोंडातून जातं. हवं ‘कान्ता बेने’. तसंच मारिया दमली तर ‘मोल्तो (खूप) स्तान्का’, मोल्ता नाही. ती स्पष्ट बोलली तरी ‘पार्ला किआरो’. इथवर युक्ती बरोबर. पण मारिया चिंब भिजली की ‘तुत्ता बान्याता’: इथे ‘पूर्ण’ या अर्थाचा तुत्तो चक्क बदलतो! परीकथेच्या शेवटी ती दोघं सुखाने नांदतात तेव्हाही ‘विस्सेरो फेलीची ए कोन्तेन्ती’, म्हणजे सरळ अनेकवचनी विशेषणं. आपलं ‘सुखाने’ तिथे क्रियाविशेषण होतच नाही.

राहिली जागा. ‘मी आधीच जेवलोय’ याला ‘ओ जा मान्जातो’: जा (आधीच) सहायक क्रियापद आणि धातुसाधिताच्या मध्ये. आणि ‘मारियासुद्धा गाते’ म्हणताना आपलं ‘सुद्धा’ मागून येतं, त्यांचं ‘आन्के’ पुढून: ‘आन्के मारिया कान्ता’.