चांगलं चाललेलं ॲप बिघडवायचंय? हे घ्या सल्ले

गेल्या आठवड्यात माझं गुंतवणुकीचं ॲप रात्रीत अपडेट झालं. सकाळी उघडलं तर ‘नवं रूप, नवा अनुभव!’ अशी पाटी आणि खाली उड्या मारणारं रॉकेट. मला बाजार बंद व्हायच्या आत थोडे शेअर विकायचे होते, बाकी काही नको होतं. पण ‘विका’ बटण जिथं असायचं तिथं आता ‘डिस्कव्हर’ आलेलं. बाजार बंद झाला तरी मी आपली डिस्कव्हरच करत होते. असो. नुसतं चिडून काय होणार, म्हटलं या कलेतले बारकावे नव्या पिढीला तरी द्यावेत. तेव्हा तुम्ही फिनटेकमध्ये, म्हणजे पैशांच्या व्यवहारांची ॲपं बनवणाऱ्या कंपनीत, नवेनवे लागला असाल आणि बॉसने ‘रीडिझाईन कर’ म्हणून फर्मान काढलं असेल, तर नीट वाचा.

पहिलं म्हणजे युजरला काहीही विचारू नका. तो म्हणेल आहे ते बरंय, फक्त स्टेटमेंट जरा लवकर उघडू दे. मग तुमच्या प्रमोशनचं काय?

होम स्क्रीनपासून सुरुवात करा. माणूस ॲप उघडतो ते आपले पैसे किती झालेत ते बघायला, म्हणून तेवढं सोडून बाकी सगळं तिथं ठेवा. वर ‘हॅलो, कसे आहात’, मग बोट टेकवताक्षणी सरकणारे बॅनर, मग स्टोरीज, मग खास तुमच्यासाठी मंजूर झालेलं लोन (गुंतवणुकीच्या ॲपमध्ये कर्ज, पण तुम्ही लाजू नका), आणि हे सगळं संपल्यावर दोन स्क्रोल खाली, फिकट राखाडी अक्षरात, त्याचे होल्डिंग, म्हणजे त्याच्याकडचे शेअर वगैरे. राखाडी शक्यतो पांढऱ्यावरच. अक्षरं आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट असावा असं ॲक्सेसिबिलिटीचे नियम सांगतात, पण ते काय चष्मा लागलेल्यांसाठी. ज्यांच्याकडे गुंतवायला पैसे जमलेले असतात ते बहुतेक चष्मा लागलेल्या वयाचेच असतात, हा निव्वळ योगायोग.

फॉन्ट मोठा करायची सोय ठेवलीच, तर तो मोठा केल्यावर ‘कन्फर्म’ बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं पाहिजे.

बटणं छोटी हवीत. ॲपल म्हणतं ४४ पॉइंट ठेवा, अँड्रॉइडवाले म्हणतात ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं), तुम्ही म्हणा मिनिमलिझम.

नफा-तोटा फक्त रंगानेच दाखवा. अधिक-उण्याची चिन्हं, बाण वगैरे जुनाट दिसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही म्हणतात. उत्तमच की, तोटा दिसलाच नाही तर झालाच नाही! शिवाय जपान-चीनमध्ये भाव वाढला की लाल दाखवतात आणि पडला की हिरवा, म्हणजे तिकडचा माणूस तुमच्या ॲपवर दिवाळं निघालेलं बघून खूश होईल.

चार्टचे दोन्ही अक्ष काढून टाका. डीफॉल्टला एक दिवसाचाच चार्ट ठेवा, म्हणजे ज्याने म्हातारपणासाठी पैसे टाकलेत त्याला दर सेकंदाला हलणारी रेघ बघून आजच म्हातारपण येईल. अर्धा टक्का घसरण कड्यावरून पडल्यासारखी दिसेल इतका चार्ट ताणा. आणि परतावा दाखवताना एका पानावर एकूण टक्के, दुसऱ्या पानावर वार्षिक टक्के, कुठला कुठला ते मात्र कुठेही लिहायचं नाही. विचारलं तर ‘आय’ असलेल्या गोलावर टॅप करा म्हणायचं. टॅप केलं की सांगायचं, हा तुमचा परतावा आहे.

ऑर्डर गेली की फटाके उडवा. रॉबिनहूड या अमेरिकेतल्या शेअर ट्रेडिंग ॲपने असेच स्क्रीनवर कागदाचे तुकडे उडवले होते, मग लोक ओरडले की ट्रेडिंगचा खेळ करून ठेवलात, आणि २०२१ मध्ये त्यांनी ते बंद केले. भित्रे कुठले.

पॉपअप भरपूर ठेवा. इतके, की खरी वॉर्निंग आली तरी माणसाने सवयीने ओके दाबावं. २००५ मध्ये मिझुहो सिक्युरिटीज या जपानी ब्रोकर कंपनीत एकाला १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता, त्याने ६,१०,००० शेअर १ येनला लावले. वॉर्निंग आली होती हो, तिकडे दुर्लक्ष झालं. नुकसान सुमारे ४,००० कोटी येन. याला म्हणतात विनाअडथळा अनुभव.

आता मुख्य कला. पैसे टाकायचं बटण अंगठ्याखाली, रुंद, हिरवंगार, एका टॅपमध्ये काम तमाम. पैसे काढायचं बटण ठेवूच नका. प्रोफाइलमध्ये जा, मग सेटिंग, मग ‘अधिक’, मग ‘मदत हवी आहे?’, मग चॅटबॉट. त्याला नाव गोंडस द्या. ‘पैसे काढायचेत’ असं लिहिलं की त्याने पैसे कसे वाढवावेत यावरचे लेख पाठवावेत, पुन्हा लिहिलं की पुन्हा तेच लेख, आणि चिडून काही लिहिलं की ‘तुम्हाला मदत करून आनंद झाला’. एवढ्यातून कुणी चिवट निघालाच तर त्याला एक रडवेला कार्टून चेहरा दाखवा, खाली दोन पर्याय, एक ‘मी गुंतवणूक चालू ठेवतो’ आणि दुसरा बारीक अक्षरात ‘नाही, मला माझ्या स्वप्नांची पर्वा नाही’. मी हा दुसरा पर्याय दाबला. मुकाट्याने दाबला. दाबल्यावर विचारतात कारण निवडा, आणि त्या यादीत सगळं आहे, दुसरं ॲप आवडलं, बाजाराची भीती वाटते, घर घेतोय, फक्त ‘माझे पैसे आहेत म्हणून’ हा पर्याय नाही. ‘इतर’ निवडलं तर किमान पन्नास अक्षरं लिहा म्हणे! निबंध लिहू का? स्वतःचेच पैसे मागायला निबंध? आणि तो लिहून होईपर्यंत सेशन संपतं, सुरक्षेसाठी, मग परत लॉगिन, परत ओटीपी, परत ते ‘हॅलो, कसे आहात’. कशी असणार!

आणि हे चुकून होत नाही. याला डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये हे नाव दिलं, तेव्हापासून जगभर यावर बोललं जातंय. तरी तुम्ही मीटिंगमध्ये बसून, कॉफी पीत, ‘पैसे काढणारे कमी झाले’ असा आलेख दाखवता आणि सगळे टाळ्या वाजवतात. कमी कसे होणार नाहीत, दारच बुजवलंय ना तुम्ही.

अहो, स्क्रीन वाईट असली की बँकवालेसुद्धा फसतात, आम्ही कोण? २०२० च्या ऑगस्टमध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जाचं, कर्ज देणाऱ्यांना, सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. मूळ रक्कम बँकेतच अडवून ठेवायला तीन चौकोन भरावे लागायचे, भरला एकच, आणि गेले जवळपास ९० कोटी डॉलर. तीन जणांनी तपासून मंजूर केलेलं, बरं का. पुढे त्यातले सुमारे ५० कोटी त्या कर्ज देणाऱ्यांनी परत करायची गरज नाही असं कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं, तो निकाल २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने फिरवला तेव्हा बँक सुटली. सिटीबँकेकडे वकिलांची फौज होती. आमच्याकडे तुमचा चॅटबॉट आहे.

लोकांच्या कष्टाचे पैसे आहेत हे, तुमच्या डिझाईनच्या पोर्टफोलिओतला स्क्रीनशॉट नाही. कुणाला त्या दिवशी फी भरायची असते, कुणाला दवाखान्यात ॲडव्हान्स द्यायचा असतो, आणि हात सवयीने जिथं जातो तिथलं बटण तुम्ही उचलून दुसरीकडे ठेवता, का तर नवं रूप. लाज वाटत नाही का? एकदा स्वतःच्या आईच्या हातात ते ॲप द्या, म्हणा यातले पैसे काढून दाखव, आणि मध्ये एक शब्द बोलू नका. बघा ती कुठपर्यंत पोचते.

पैसे काढायचं बटण टाकायच्या बटणाशेजारी ठेवा, त्याच आकाराचं. आकडा पूर्ण दाखवा, तो कसला आहे ते खाली लिहा. काही हलवायचंच असेल तर आधी सांगा आणि काही महिने दोन्ही व्हर्जन चालू ठेवा. एवढंही जमत नसेल तर जुनं ॲप परत द्या. काय वाईट होतं त्याच्यात?