हळू गायचं असतं तर घरातच नसतं का गायलं!

सकाळी वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी आमच्या बायकांच्या भजनाची क्लिप टाकली आणि खाली एका शहाण्याची कमेंट, "बायलांनी वायच हळू गावचा, किंचाळल्यासारख्या वाटता." त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग. दिवसभर डोकं तापलंय माझं.

अरे गजर चाललाय तो, अंगाई नाही! डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा मानेच्या शिरा ताणून गातात तेव्हा हेच लोक माना डोलावतात, आणि तीच पट्टी काकीने धरली की किंचाळणं.

काकी म्हणजे माझी सख्खी काकी. मागच्या चतुर्थीला शेजारच्या वाडीत भजन होतं तर साउंडवाल्याने तिला न विचारताच तिचा माइक बारीक केला. पखवाज ऐकू येतोय, झांजा ऐकू येतायत, काकी नाही. तिने माइक खाली ठेवला नि तशीच गायली. खळ्यातल्या लोकांच्या गप्पा बंद पडल्या.

दुपारी रागारागात एक्स-रे स्पेक्सचा 'जर्मफ्री अडोलसन्ट्स' लावला, १९७८ चा, लंडनच्या या पंक बँडचा पहिला अल्बम. गायिका पॉली स्टायरीन तेव्हा २१ वर्षांची. बाप सोमाली, आई ब्रिटिश, दातांना तारा, अंगावर भडक कपडे. हे नाव तिने यलो पेजेस चाळून घेतलं, पॉलिस्टायरीन, म्हणजे आपल्या मखराचा थर्माकोल! गाणी बरीचशी प्लास्टिक, सुपरमार्केट, आणि आपण कोण हेही दुकानातून विकत आणणाऱ्या माणसांची. बायकांच्या हक्कांवर भाषण असं नाहीच. ज्या सिंगलने, म्हणजे सुट्या निघालेल्या गाण्याने, ती गाजली ते १९७७ चं 'ओ बाँडेज, अप युवर्स!' तर मूळ अल्बमवर घेतलंच नव्हतं, ते मला अजून पटत नाही. पण तो आवाज! सॅक्सोफोनच्याही वर चढतो आणि कुणाला गोड लागावा म्हणून तसूभर खाली येत नाही. माझ्यासाठी त्या अल्बमचं राजकारण तिथेच सुरू होतं, शब्द मागाहून.

लंडनच्या पंकचा आणि आमच्या भजनाचा काय संबंध म्हणाल तर सरळ काही नाही, ठीक आहे. आणि हो, काकी वरच्या सा ला कधीकधी घसरते. बुवाही घसरतात.

पण २०२३ ला राजापूरकडच्या बारसूत रिफायनरी नको म्हणून बायका गाड्यांसमोर रस्त्यात आडव्या पडल्या, घसा फोडून ओरडल्या, तेव्हा कुणी म्हणालं का वायच हळू? तेव्हा बायकांचा आवाज हवा होता, आता देवासमोर नको.

संध्याकाळी काकीला एक गाणं ऐकवलं. भाजी निवडता निवडता पूर्ण ऐकलं तिने, मग म्हणाली, "ह्या चेडवाचो घसो बसतलो गो, तेका गरम पाणी पिऊक सांग." पॉली २०११ मध्येच गेली हे मी काही बोलले नाही. त्या माइकवाल्या रात्री काकीचाही घसा बसला होता, दोन दिवस खुणेने बोलत होती, आणि तरी खूश होती.

आणि आत्ता हे टाइप करतानाच ग्रुपवर मेसेज आला की यंदा महिलांचं भजन दुपारी ठेवूया, रात्री "मुख्य" कार्यक्रम. दुपारी! बायका मोदक वळत असतात तेव्हा! काकीने खाली लिहिलंय, "आमी रात्रीच गातलव." बास, एवढंच.

तर कुडाळ-मालवणकडे कुणाकडे वापरातला अँप्लिफायर आणि बरा माइक विकायचा असेल तर इनबॉक्स करा. आवाजाचं बटण यंदा मी धरून बसणार आहे.