कोलंबसपूर्व म्हणजे नुसतं १४९२ च्या आधीचं नव्हे

नमस्कार. अ‍ॅझ्टेकांच्या त्लातेलोल्को बाजारावरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोलंबस १४९२ लाच आला, मग १५१९ चा बाजार ‘कोलंबसपूर्व’ कसा? आणि एका खलाशाच्या नावाने दोन खंडांचा इतिहास मोजायचाच कशाला, सरळ ‘प्राचीन अमेरिका’ म्हणा, नाहीतर ‘संपर्कपूर्व’, म्हणजे युरोपीय लोकांशी गाठ पडण्याआधीची; व्हायकिंग तर कोलंबसाच्याही आधी आले होते. शिवाय लेखावरच्या चित्राखाली ‘वसाहतकाळातील’ असं का लिहिलंय?

पहिला आक्षेप मला पटत नाही. १२ ऑक्टोबर १४९२ ला कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा त्लातेलोल्कोत कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. मेक्सिकोच्या भूमीवर त्याने कधी पाऊलच ठेवलं नाही. त्यातल्या त्यात जवळ आला तो १५०२ मध्ये. होंडुरासच्या किनाऱ्याजवळ त्याला व्यापाऱ्यांची मोठी होडी भेटली. तीत सुती कापड होतं, तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या आणि कोकोच्या बिया, म्हणजे त्या मुलखातली चिल्लरच. बी खाली पडली की ते लोक ती लगबगीने उचलत, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. एवढं बघूनही हा गृहस्थ भलत्याच दिशेला निघून गेला!

स्पॅनिश सेनानी कोर्तेस अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानमध्ये, शिरला नोव्हेंबर १५१९ मध्ये आणि शहर पडलं ऑगस्ट १५२१ मध्ये. पेरूत पिझारो या दुसऱ्या स्पॅनिश सेनानीने इंकांचा सम्राट अताहुआल्पाला पकडलं ते थेट १५३२ मध्ये. म्हणून अभ्यासक ‘कोलंबसपूर्व’ची रेघ प्रदेशागणिक पुढे सरकवतात. नावात कोलंबस असला तरी खरा प्रश्न एवढाच असतो, की तिथल्या जगण्यावर युरोपची सत्ता, धर्म, रोगराई यांचा परिणाम सुरू झाला होता का.

व्हायकिंग आधी आले होते, हे खरं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या त्यांच्या वस्तीतली काही लाकडं १०२१ साली तोडलेली आहेत. पण ती वस्ती फार टिकली नाही. तुम्ही सुचवलेला ‘संपर्कपूर्व’ शब्द काटेकोरपणे लावला, तर उलट तिथेच अडचण होते, कारण मग संपर्क १४९२ च्या कितीतरी आधीच झाला असं ठरतं.

‘प्राचीन’ला मात्र माझा सक्त विरोध आहे. तेनोच्तित्लानची स्थापना परंपरेने १३२५ ची मानतात, ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे तुमचं हे ‘प्राचीन’ शहर ज्ञानेश्वरीहून पस्तीस वर्षांनी धाकटं! इंकांचं साम्राज्य वाढलं पंधराव्या शतकात, आपल्याकडे बहामनी सुलतान राज्य करत होते तेव्हा. अशा माणसांना इजिप्तच्या फेरोंच्या रांगेत नेऊन बसवणं मला जास्त अन्यायाचं वाटतं.

कोलंबसाच्या नावाचा राग मी समजू शकतो. मेक्सिकोत ‘स्पॅनिशपूर्व’ म्हणतात, पण ते ब्राझीलला चालत नाही. तिथे १५०० मध्ये पोर्तुगीज काब्राल उतरला, म्हणून ‘काब्रालपूर्व’. (हाच काब्राल पुढे त्याच सफरीत कालिकतला आला.) एकूण काय, नाव बदललं तरी पाहुणा काही हटत नाही. मी अनेक समाजांबद्दल एकत्र लिहिताना ‘कोलंबसपूर्व’ वापरतो. एकाच समाजाबद्दल असेल तर सरळ माया, इंका, अ‍ॅझ्टेक.

राहिलं लेखाच्या वरचं चित्र. ती खंडणीची यादी अ‍ॅझ्टेकांविषयीच्या मेंदोसा या सचित्र हस्तलिखितातली आहे. चित्रकार स्थानिक, शैलीही बरीचशी जुनीच, पण काम झालं ते स्पॅनिश अमलात, १५४० च्या आसपास, आणि शेजारी स्पॅनिशमध्ये खुलासेही लिहिलेले आहेत. म्हणून त्याखाली मी ‘वसाहतकाळातील’ असं लिहिलंय, आणि ते तसंच राहील.