गेम डिझाइनचा कोर्स म्हणजे पैसे पाण्यात? त्या मेसेजचा एकेक मुद्दा

गेम डिझाइन शिकायचंय असं कुणी म्हणायचा अवकाश, कुणी ना कुणी तो लांबलचक मेसेज पुढे सरकवतंच. मेसेज थोडक्यात असा: कोर्सला पैसे घालू नका. एक, सगळं नेटवर फुकट आहे. दोन, माइनक्राफ्ट आणि स्टारड्यू व्हॅली बनवणाऱ्यांनी कुठे कोर्स केला होता? तीन, कोर्समध्ये शिकवलेलं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, तुम्ही बाहेर पडेपर्यंत जुनं होतं. चार, स्टुडिओ सर्टिफिकेट बघत नाहीत, पोर्टफोलिओ, म्हणजे तुम्ही केलेल्या कामाचा संग्रह, बघतात. पाच, या क्षेत्रात नोकऱ्याच उरलेल्या नाहीत, उरल्यासुरल्या एआय खाणार, आणि गेमच्या बाहेर या कौशल्याला कुणी विचारत नाही.

लिहिणाऱ्याचा राग मला समजतो. नावात गेम डिझाइन आणि आत वर्षभर नुसतं थ्रीडी मॉडेलिंग, असे कोर्स ढिगाने आहेत. मॉडेलिंग हा चांगला पेशा आहे, पण तो वेगळा पेशा आहे. अशा ठिकाणी फसलेल्या माणसाने हा मेसेज लिहिला असेल तर नवल नाही. पण त्याने वाईट कोर्सची तक्रार सगळ्या कोर्सच्या नावावर लावून दिली आहे, आणि ते करताना कोर्समधून नेमकं काय घ्यायचं असतं हेच निसटलंय.

‘सगळं फुकट मिळतं’

मिळतं, यात वादच नाही. गोडो हे इंजिन तर पूर्ण मुक्तस्रोत आहे. युनिटी आणि अनरिअल शिकण्यासाठी दमडी लागत नाही. मोठमोठ्या डिझायनरांची व्याख्यानं यूट्यूबवर पडून आहेत. एखादा कोर्स फक्त माहिती विकत असेल, म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, पीडीएफ आणि शेवटी एक सर्टिफिकेट, तर मेसेज बरोबर आहे. घेऊ नका.

अडचण अशी की डिझाइनमध्ये माहितीचा वाटा फार लहान असतो. ‘कोयोटी टाइम’चंच घ्या. उड्यांच्या गेममध्ये खेळाडू कड्यावरून पुढे गेला, पाय हवेत आले, तरी पुढचा क्षणभर त्याला उडी मारू द्यायची, अशी ही सवलत. सेलेस्ट या गेममध्ये हा क्षण एक दशांश सेकंदाचा आहे. ही कल्पना समजायला पाच मिनिटांचा व्हिडिओ पुरतो, कोडही चार ओळींचं. पण तुमच्या गेममध्ये ती हवी का, किती हवी, उडी ‘अन्यायी’ वाटते ती याच्या अभावामुळे की कॅमेरा उशिरा सरकतो म्हणून, हे कुठलाही व्हिडिओ सांगू शकत नाही. ते दुसऱ्याला खेळायला बसवल्यावरच कळतं.

आणि दुसऱ्याला बसवणं हे लिहिलंय तितकं सोपं नाही. तुम्ही लेव्हल बनवलीत, समोर दार, उजवीकडे कठड्यावर चावी. चावी पिवळी, चकचकीत, तुमच्या मते आंधळ्यालाही दिसेल अशी. खेळणारा येतो, दाराला चार धडका देतो, डावीकडे जातो, भिंतीला चिकटून चालतो, परत येतो, पुन्हा धडका देतो. तुम्ही त्याच्या मागे उभे. ‘अरे उजवीकडे बघ की’ हे शब्द ओठांवर आलेले असतात. नियम एकच: तोंड उघडायचं नाही, वहीत लिहायचं. तीन मिनिटांनी तो कंट्रोलर खाली ठेवून म्हणतो, गेममध्ये बग आहे. बग नसतो. पिवळ्या मशालीच्या उजेडात पिवळी चावी हरवलेली असते, आणि दारच इतकं ठळक केलेलं असतं की नजर तिथून हलत नाही.

मित्रांना बसवलं तर ते तुमची भीड ठेवतात, घरच्यांना बसवलं तर कौतुक होतं. अनोळखी, निर्विकार, तरी दर आठवड्याला हजर असणारे खेळाडू घरबसल्या मिळवणं महाकठीण. चांगला कोर्स हेच पुरवतो: दर आठवड्याला तुमचं काम इतरांपुढे ठेवायची सक्ती आणि ते तुमच्या डोळ्यांदेखत मोडताना बघायची सवय.

यातून काय निघू शकतं याचा माझा आवडता दाखला पोर्टल या कोड्यांच्या गेममधला आहे. तिथे एक खोली अशी होती की खेळाडूने एक पेटी शेवटपर्यंत सोबत न्यायची. चाचणीला बसलेले लोक ती पेटी वाटेत टाकून पुढे जात आणि मग अडकत. हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या मंडळींनी सूचनेची पाटी लावली नाही. त्यांनी पेटीवर हृदय काढलं, गेममधल्या आवाजाच्या तोंडी तिच्याबद्दल प्रेमळ संवाद घातले. लोक तिला जपून नेऊ लागले. मग त्याच पेटीला भट्टीत टाकायला लावलं, आणि शेवटच्या लढतीत भट्टी कशी वापरायची हे खेळाडूला न शिकवता शिकवून झालं. लोक कुठे चुकतात हे कुणीतरी गप्प बसून पाहिलं नसतं तर हे सुचलंच नसतं.

‘त्यांनी कुठे कोर्स केला होता?’

एरिक बॅरोनने स्टारड्यू व्हॅली एकट्याने बनवला, खरं आहे. चित्रं, संगीत, कोड, सगळं त्याचं. मेसेजमध्ये दोन गोष्टी गाळल्या आहेत. बॅरोनकडे कॉम्प्युटर सायन्सची पदवी होती, आणि २०१६ मध्ये गेम बाहेर येण्याआधी त्याने साधारण साडेचार वर्षं त्यावर घालवली. मार्कुस पेर्सनचंही तसंच. २००९ मध्ये माइनक्राफ्टची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली, त्याआधी तो काही वर्षं किंग या कंपनीत पगारी गेम डेव्हलपर होता. म्हणजे दिवसभर गेम बनवणाऱ्यांच्या सोबत बसून शिकायची सोय त्याला आपसूक मिळाली होती. ज्याला ती नाही, त्याने पेर्सनचं नाव पुढे करून कोर्सला नावं ठेवण्यात काय अर्थ आहे?

आता उलट बाजू. पोर्टलची मुळं नार्बॅक्युलर ड्रॉप या गेममध्ये आहेत, आणि तो २००५ मध्ये डिजिपेन या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला प्रोजेक्ट होता. व्हॉल्व्हने ती अख्खी टीम उचलली. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या टीमच्या टॅग: द पॉवर ऑफ पेंट या प्रोजेक्टमधली कल्पना पुढे पोर्टल २ मधल्या रंगीत, चिकट द्रवांमध्ये (जेल) दिसते. आउटर वाइल्ड्स हा गेम सुरू झाला तो अ‍ॅलेक्स बीचमच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातल्या मास्टर्सच्या प्रबंधातून. २०२० मध्ये या गेमला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. जेनोवा चेनचा फ्लो हा गेमही तिथल्याच प्रबंधातून आला.

ही यादी दाखवून ‘कोर्स करा, बाफ्टा मिळवा’ म्हणणं तितकंच पोकळ ठरेल. त्या संस्थांमधून बाहेर पडलेल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, आणि एकट्याने चार वर्षं घालवून गेम काढूनही पन्नास प्रती न खपलेल्यांचीही नाहीत. २०२४ या एका वर्षात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात १८ हजारांहून अधिक गेम आले. त्या ढिगातून एक बॅरोन वर काढून त्याचं उदाहरण सगळ्यांना लावायचं, हा वाद घालायचा प्रकार नव्हे.

‘इंजिन जुनं होतं’

होतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्लॅश या साधनावर एका पिढीने गेम बनवले. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि किती तरी स्टुडिओ रातोरात दुसरी इंजिनं धुंडाळायला लागले. वर्षभराने कंपनीने ते शुल्क मागे घेतलं. यातून निष्कर्ष एवढाच निघतो की इंजिनच्या नावावरून कोर्स निवडू नये. जाहिरातीत इंजिनचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात असेल तर मी तरी दोन पावलं मागे सरतो. कागद, फासे आणि पत्ते घेऊन पहिला महिना काढणारा कोर्स जुनाट वाटेल, पण तिथे नियम बदलला की खेळ कसा बदलतो हे हाताला कळतं, आणि ते ज्ञान कुठल्याही कंपनीच्या शुल्काने बाद होत नाही.

‘पोर्टफोलिओ बघतात’

हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात खरा, आणि मेसेजच्याच विरोधात जाणारा. पोर्टफोलिओ येतो कुठून?

एकट्याने शिकणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत बहुतेकदा एकच रोग दिसतो: सात प्रोटोटाइप, म्हणजे कच्चे नमुने, सगळे साठ टक्क्यांवर सोडलेले. मजा पहिल्या साठ टक्क्यांतच असते. उरलेल्यात मेनू, पॉज, सेव्ह, आवाजाची पातळी, कंट्रोलर काढला तर काय होतं, छोट्या स्क्रीनवर अक्षरं वाचता येतात का, असली रटाळ कामं. स्टुडिओला नेमकं तेच बघायचं असतं, कारण गेम विकला जातो तो पूर्ण झालेला.

दुसरं, बहुतेक स्टुडिओंमध्ये डिझायनर एकटा काम करत नाही. कलाकार म्हणतो हा राक्षस एवढ्या वेळात अ‍ॅनिमेट होणार नाही, प्रोग्रॅमर म्हणतो शंभर शत्रू एकदम आणले तर फ्रेमरेट झोपेल, म्हणजे चित्र अडखळेल. मग तुम्हाला आवडलेली कल्पना कापायची, आणि तीही वाद न पेटवता. हे पोर्टफोलिओत एका ओळीत दिसतं: ‘चार जणांच्या टीममध्ये लेव्हल डिझाइन माझं, तिसरी लेव्हल चाचणीनंतर काढून टाकली, कारण…’ त्या ‘कारण’च्या पुढे काय लिहिलंय यावर मुलाखत चालते. सर्टिफिकेट कुणी विचारत नाही हे कबूल. पण ती ओळ लिहिता येण्यासाठी टीम, तारीख आणि चाचणी लागते.

‘नोकऱ्या नाहीत, बाहेर उपयोग नाही’

पहिला अर्धा भाग गांभीर्याने घ्यावा असा आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत गेम क्षेत्रात जगभर प्रत्येकी दहा हजारांहून अधिक लोकांना नारळ मिळाल्याचे अंदाज आहेत. त्यात मुळात टीममध्ये डिझायनर कमी, प्रोग्रॅमर आणि कलाकार जास्त. नवख्याला थेट ‘गेम डिझायनर’ पद मिळणं दुर्मीळ. सुरुवात टेस्टिंग, लेव्हल बांधणी किंवा स्क्रिप्टिंगमधून होते. शंभर टक्के नोकरीची हमी देणारा कोर्स दिसला तर कुठल्या पदाची, कुठल्या कामाची, असं लेखी विचारा. एआयमुळे कोणती कामं जातील याची भाकितं मी करणार नाही, मेसेज लिहिणाऱ्यानेही करू नयेत.

दुसरा अर्धा भाग मात्र साफ चूक. एका फेरीला दहा नाणी मिळतात, तलवार तीनशे नाण्यांची, फेरी तीन मिनिटांची. म्हणजे तलवारीला दीड तास. खेळाडू चाळीस मिनिटांत कंटाळतो असं चाचणीत दिसलं, मग नाणी वाढवायची, किंमत उतरवायची की मध्ये छोटं बक्षीस ठेवायचं? नाणी वाढवली तर विसाव्या लेव्हलला लोकांकडे नाण्यांचा ढीग होऊन दुकान निरर्थक होतं. हे सगळं स्प्रेडशीटमध्ये मांडून, एक आकडा हलवला की बाकीचे कुठे सरकतात हे बघणं, हे डिझायनरचं रोजचं काम. नियम बदलला की माणसं कशी वागतील हे आधी मांडायचं आणि मग प्रत्यक्ष पडताळायचं. अ‍ॅपचे स्क्रीन आखणारे, प्रशिक्षणाचे सिम्युलेटर बनवणारे, शिकवण्याची साधनं तयार करणारे, संग्रहालयातले परस्परसंवादी कक्ष उभारणारे, हे सगळे वेगळ्या नावाखाली हेच करत असतात.

मग निवडताना

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या बॅचचे गेम मागा. पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्याचा तर ते आपणहून दाखवतीलच. मधल्या नंबरच्या विद्यार्थ्याचा मागा, आणि स्वतः खेळा. सुरू होतो का, शेवटपर्यंत जातो का? शिकवणाऱ्यांपैकी कुणी गेम बाजारात आणून दाखवलाय का, की कोर्स संपवून लगेच तिथेच शिकवायला लागलेत? कलाकार आणि प्रोग्रॅमर विद्यार्थ्यांसोबत मिळून प्रोजेक्ट होतो की प्रत्येक जण आपल्या लॅपटॉपपुरता? कामावर अभिप्राय आठवड्याला मिळतो की सत्राच्या शेवटी? आणि हक्कांचं कलम नीट वाचा. काही संस्थांत विद्यार्थी प्रोजेक्टचे हक्क संस्थेकडे राहतात, म्हणजे तो गेम उद्या विकायचा म्हटलं तर तो तुमचा नसतो.

या प्रश्नांवर समोरचा चाचपडायला लागला तर तुमचे पैसे वाचले. आणि तुमच्याकडे आधीच दोन-तीन भरवशाचे जोडीदार असतील, तुम्ही गेम जॅममध्ये (ठराविक मुदतीत गेम बनवायच्या उपक्रमात) ४८ तासांत छोटा का होईना पण पूर्ण गेम उभा करत असाल, अनोळखी लोकांना खेळवून त्यांची टीका वहीत उतरवत असाल, तर कोर्सची तुम्हाला गरज नाही. तेवढ्या लोकांपुरता तो मेसेज बरोबर आहे.