मार्चअखेरच्या मेळघाट बाइक राइडबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला, सकाळी परत वाचला आणि तुमच्या सोबत वाटाड्या म्हणून आलेल्या आमच्या पोराला समोर बसवून तिसऱ्यांदा वाचला. तुम्ही दोन स्टार दिलेत. फोटोत लाल-पिवळं जंगल दाखवलं आणि प्रत्यक्षात सागाचे नुसते खराटे आणि धूळ मिळाली, वळणावर गाडी घसरली, जागोजागी जंगल जळालेलं होतं, लोकांनी रस्ता अडवून पैसे उकळले, आणि सफारीच्या गेटातून बाइक आत सोडली नाही, असं लिहिलंय. आमचं जिथे चुकलं ते आधी सांगतो.

सेमाडोहच्या अलीकडच्या वळणावर तुम्ही पडलात, ती चूक आमची. सागाचं वाळलेलं पान पत्रावळीएवढं असतं. मार्चमध्ये ती पानं वाऱ्याने उडून वळणाच्या आतल्या अंगाला साचतात, एकावर एक तीन-चार थर. वरचं पान चाकाखाली चुरतं, पण खालचं अख्खंच्या अख्खं बारीक खडीवरून सरकतं. त्यात पुढचा ब्रेक दाबला की गाडी हातात राहत नाही. म्हणून परतवाड्यातून निघण्याआधी आम्ही सगळ्यांना खाली उतरवून सांगतो: वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, पानांवर ब्रेक लावायचा नाही, गाडी झुकवायची नाही, आणि पुढच्याच्या मागे चिकटून चालवायची नाही. त्या दिवशी अमरावतीहून निघायलाच उशीर झाला होता, म्हणून आमच्या पोराने हे सगळं चालता चालता दोन वाक्यांत उरकलं. उशीर कोणाचाही असो, ती पंधरा मिनिटं वाचवायची नव्हती. वहिनींचं कोपर खरचटलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुटलेल्या क्लच लिव्हरचे पैसे तुमच्याकडून घेतले गेले, तेही घ्यायला नको होते. आज परत पाठवतोय.

दुसरी चूक फोटोची. तो फोटो आमचाच आहे, याच रस्त्यावरचा आहे, पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला. तेव्हा धावडा तांब्यासारखा लाल होतो, मोई पिवळी पडते, साग अर्धा पिवळा अर्धा तपकिरी असतो आणि मधूनच पळस पेटायला लागतो. दोन-तीन आठवड्यांचा खेळ असतो तो. तुम्ही फोनवर विचारलंत, ‘पानगळ बघायला मिळेल ना?’ आणि मी ‘हो, मिळेल’ म्हणालो. माझ्या मनात पानगळ म्हणजे सगळा उन्हाळ्याच्या तोंडचा काळ होता, तुमच्या मनात तो फोटो होता. तुमची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली होती हे कळत असताना मी नीट सांगायला हवं होतं. राइडचे अर्धे पैसे त्यासाठी परत करतोय, आणि आमच्या प्रत्येक फोटोखाली आता महिना आणि आठवडा लिहिलाय.

पण ‘जंगल मेलेलं होतं’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही, दादा. मी याच रानाच्या कडेला वाढलो.

थंड मुलखात पानं गळतात ती थंडी येते आणि दिवस लहान होतो म्हणून, ऑक्टोबरच्या सुमारास. आपल्याकडे ती गळतात पाण्यामुळे. जमिनीतली ओल उतरली की झाड पानं टाकून देतं, कारण पान असलं की त्यातून पाणी उडतच राहतं. म्हणून आपली पानगळ दिवाळीत दिसत नाही, जानेवारी ते मार्चमध्ये दिसते, आणि ती सगळीकडे एकाच दिवशी होत नाही. माथ्यावरच्या मुरमाड जमिनीत साग आधी उघडा पडतो, नाल्यातला साग त्याच वेळी अर्धा हिरवा असतो, आणि सिपना नदीच्या काठचे अर्जुन-जांभूळ हिरवेगार उभे असतात. पाऊस कमी झाला त्या वर्षी हे सगळं अलीकडे सरकतं. नोव्हेंबरात कोणी आलं तर सागाची पानं जाळीदार, तपकिरी दिसतात. तीही पानगळ नसते. पावसाळ्याच्या शेवटी अळी पानाचा गर खाऊन नुसत्या शिरा ठेवते, त्याचा तो रंग.

आणि तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला तिसरा फोटो परत बघा. चहाला थांबलात तिथे गाडीच्या मागे जे तांबडं झाड आहे, ते कुसुम. त्याच्यावर दिसतात ती फुलं नाहीत, नवी पानं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये कुसुमाला पालवी फुटते ती लालभडक, हाताला इतकी मऊ लागते की चुरगळायची भीती वाटते, आणि उन्हासमोर धरली तर बोट पलीकडून दिसतं. काही दिवसांत ती हिरवी होते. तुम्ही ते अगदी वेळेवर पाहिलंत, पण आमच्या पोराने थांबून दाखवलं नाही. पुढच्या चढावर पांढऱ्या खोडाचा भुत्या वृक्ष होता. पानं असताना तो नजरेत भरतच नाही, पानं गेल्यावरच ते चुन्यासारखं खोड दिसतं. हे दाखवणं म्हणजेच आमचं काम, आणि त्यासाठीच आम्ही ताशी 40 च्या वर जाऊ देत नाही. तुम्हाला तो वेग रटाळ वाटला, पण तो बदलणार नाही. रस्त्यावर कधी सांबर, कधी गुरं येतात.

जळालेल्या पट्ट्यांचं म्हणाल तर रस्त्याकडेचे सरळ काळे पट्टे वनखातं स्वतः जाळतं. त्याला जाळरेषा म्हणतात. पुढे वणवा लागला तर तो तिथे अडावा म्हणून उन्हाळ्याआधीच पाचोळा जाळून टाकतात. आत मोहाच्या झाडाखाली गोल काळे डाग दिसले ते वेगळे. मोहफुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून काही जण खालची जागा जाळून साफ करतात. त्यातून वणवे लागतात, हे चुकीचंच आहे, आणि आता बरीच माणसं झाडूनही घेतात. पण ज्याच्या घरी वर्षाचं मीठ-मिरची त्या फुलांवर निघतं, त्याला पाहुण्याने शिव्या देऊ नयेत असं मला वाटतं.

आता रस्ता अडवल्याची गोष्ट. तुम्ही आलात तो होळीनंतरचा तिसरा दिवस. इथल्या कोरकू आदिवासींचा होळी हा सगळ्यात मोठा सण, आणि तो एका दिवसात संपत नाही. त्या दिवसांत बाया-पोरं रस्त्यावर येऊन गाणी म्हणत फगवा, म्हणजे होळीची खुशी, मागतात. दहा-वीस रुपये दिले तरी चालतं, हात जोडले तरी वाट सोडतात. बाहेरून आलेल्या माणसाला पुढे दोरी आणि घोळका दिसला की धास्ती वाटणार, हे समजतं. त्याची कल्पना आम्ही द्यायला हवी होती, सुट्टे पैसे खिशात ठेवा म्हणायला हवं होतं. तेवढा दोष आमचा. मात्र ‘उकळले’ हा शब्द तुम्ही काढावा अशी हात जोडून विनंती आहे. तुमच्या रिव्ह्यूतलं बाकी काहीही बदलू नका.

गेटचं थोडक्यात. देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यात मेळघाट होता. सफारीच्या वाटेवर दुचाकीला परवानगी नाही, कोणालाच नाही, आणि आम्ही ती कधी कबूल केलेली नव्हती. आमची राइड सार्वजनिक रस्त्यानेच जाते.

तुम्हाला त्या फोटोतलंच रान बघायचं असेल तर जानेवारीच्या शेवटी मला फोन करा. आमच्या घरामागे टेकडीवर धावड्याची रांग आहे. तिचा शेंडा लालसर व्हायला लागला की मी तुम्हाला कळवीन, त्यानंतर आठ-दहा दिवसांत या. त्या राइडचे पैसे घेणार नाही. वहिनींना सांगा, या वेळी परतवाड्यातली पंधरा मिनिटं मी स्वतः उभा राहून घेईन.